व्हर्जन कंट्रोल नेमकं कुणाचं?

व्हर्जन कंट्रोल म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी आणि जुन्या आवृत्त्या परत देणारी साधनं. प्रश्न थोडक्यात असा आहे. टीममध्ये नव्याने येणाऱ्या प्रोग्रामरांसाठी एक टिपण लिहायचं आहे आणि त्यात ‘व्हर्जन कंट्रोलचा जनक’ म्हणून एक नाव हवं आहे. चौघांनी चार नावं सुचवली: वॉल्टर टिखी, डिक ग्रुने, ब्रायन बर्लिनर आणि लिनस टोरवाल्ड्स. वर कुणीतरी असंही म्हणालं की गिट ही आजची प्रणाली म्हणजे बिटकीपर या तिच्या आधीच्या प्रणालीची नक्कल. यातलं खरं काय?

या चारपैकी कुणीही पहिला नाही. एकच नाव लिहायचं असेल तर मार्क रॉचकाइंड यांचं लिहा. पण ‘जनक’ हा शब्द मात्र काढून टाका, अशी माझी विनंती आहे. गेली पंचवीसेक वर्षं मी याच कामात आहे. जुन्या रिपॉझिटऱ्या (फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवायची कोठारं) नव्या प्रणालीत हलवायच्या, तुटलेले इतिहास सांधायचे, कुणी काय लिहिलं ते शोधून काढायचं. या कामात एक गोष्ट पक्की कळली. या क्षेत्रातल्या प्रत्येक साधनाचे तीन वेगळे धनी असतात: ज्याला युक्ती सुचली तो, ज्याने कोड लिहिला तो आणि ज्याने ते लोकांच्या हाती पोचवून पुढे सांभाळलं तो. कोड दोन-तीनदा मुळापासून बदलतो, युक्ती तशीच राहते, फाइलची रचना तर त्याहून चिवट निघते. मग जो तो आपल्याला दिसलेल्या थराकडे बोट दाखवून म्हणतो, हे अमक्याचं. भांडणं तिथून सुरू होतात.

आता सुरुवातीपासून सांगते.

रॉचकाइंड यांच्या आधी काहीच नव्हतं असं नाही. पंचकार्डांच्या काळात प्रोग्राम म्हणजे कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक कार्डाच्या ७३ ते ८० या रकान्यांत क्रमांक टाकलेला असे. गठ्ठा हातातून पडला तर तो पुन्हा लावता यावा, हा एक उपयोग. दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा होता: ‘अमुक क्रमांकाची ओळ काढ, तिच्या जागी ही घाल’ असं यंत्राला सांगता येत होतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, आयईबीयूपीडीटीई नावाचा छोटा प्रोग्राम हेच करायचा. मूळ फाइल आणि बदलांची छोटी यादी दिली की नवी फाइल मिळायची. १९६० चं दशक संपता संपता अप्लाइड डेटा रिसर्च कंपनीचं ‘लायब्ररियन’ आणि पॅन्सॉफिकचं ‘पॅनव्हॅलेट’ ही विकत मिळणारी उत्पादनंही आली. ती सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, डिस्कवर सांभाळून ठेवत. आयटीएस, टेनेक्स, पुढे व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिम फाइलच्या नावालाच आवृत्तीचा आकडा चिकटवत. म्हणजे ‘जुनी प्रत हरवू नये’ ही गरज सगळ्यांना टोचत होती आणि जो तो आपापल्या परीने उपाय करत होता.

एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत, बेल लॅब्समध्ये, १९७२ साली रॉचकाइंड यांनी जे केलं ते यापेक्षा वेगळं होतं. त्यांच्या सोर्स कोड कंट्रोल सिस्टिममध्ये, म्हणजे एससीसीएसमध्ये, प्रत्येक बदल ही स्वतंत्र नोंद झाली. तिला क्रमांक मिळाला. कुणी केला, केव्हा केला, का केला हे तिच्याबरोबर जाऊ लागलं. आणि यातली कुठलीही आवृत्ती हवी तेव्हा परत काढता येऊ लागली. पहिली आवृत्ती त्यांनी आयबीएम सिस्टिम/३७० वर स्नोबोल४ या भाषेत लिहिली. थोड्याच काळात पीडीपी-११ या संगणकावरच्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली. डिसेंबर १९७५ मध्ये ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. ते नियतकालिक त्याच वर्षी सुरू झालं होतं. १९७७ मध्ये प्रोग्रामर्स वर्कबेंच युनिक्सबरोबर एससीसीएस बेल लॅब्सच्या बाहेर पडलं.

म्हणजे स्नोबोलमधली मूळ प्रत काही वर्षांतच मागे पडली. पण त्या फाइलची रचना बघा, कारण खरी कर्तबगारी तिथे आहे. एससीसीएस सगळ्या आवृत्त्या एकाच फाइलमध्ये एकमेकींत विणून ठेवतं. मधेमधे कंट्रोल-ए या न दिसणाऱ्या अक्षराने सुरू होणाऱ्या खुणेच्या ओळी असतात. समजा पहिल्या आवृत्तीत दोन ओळी होत्या आणि दुसऱ्या आवृत्तीत त्यातली दुसरी ओळ बदलली. तर फाइलचा गाभा साधारण असा दिसेल (खुणा मी आपल्या अक्षरांत लिहिल्या आहेत):

घाल १
फाइल उघड
काढ २
एक ओळ वाच
संप २
घाल २
सगळ्या ओळी वाच
संप २
संप १

पहिली आवृत्ती हवी असेल तर वाचणारा प्रोग्राम ‘काढ २’ कडे लक्ष देत नाही आणि ‘घाल २’ मधला मजकूर सोडून देतो. हाती येतं ते ‘फाइल उघड, एक ओळ वाच’. दुसरी हवी असेल तर ‘काढ २’ मधली ओळ गाळतो आणि ‘घाल २’ मधली घेतो. वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं की काम झालं. आवृत्ती पहिली असो की पाचशेवी, मेहनत तेवढीच. शिवाय कुठली ओळ कुठल्या बदलात आली ते शोधायला वेगळं काही करावं लागत नाही. ते त्या विणीतच आहे. आज आपण ‘ब्लेम’ ही आज्ञा चालवतो, प्रत्येक ओळ कुणी आणि कुठल्या बदलात घातली ते बघायला; तिचं उत्तर या फाइलमध्ये आयतं लिहिलेलं असे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. सोर्समध्ये ठराविक खूण लिहिली की एससीसीएस तिच्या जागी @(#) ही चार चिन्हं आणि त्यापुढे फाइलचं नाव व आवृत्ती भरायचं. तो मजकूर कंपाइल झालेल्या, म्हणजे यंत्राच्या भाषेत गेलेल्या, प्रोग्राममध्येही (बायनरीमध्ये) जसाच्या तसा उतरायचा. मग ‘व्हॉट’ ही आज्ञा त्या बायनरीमध्ये ही चार चिन्हं शोधून सांगायची की हा प्रोग्राम कुठल्या सोर्सच्या कुठल्या आवृत्तीपासून बनला. एका जुन्या यंत्रावरच्या बेवारस प्रोग्रामचं मूळ मी याच आज्ञेने शोधून काढलं होतं. सोर्सची सीडी सापडत नव्हती, लिहिणारे नोकरी सोडून गेले होते, पण बायनरीने स्वतःहून आवृत्ती सांगितली. ग्राहकाच्या यंत्रावर चाललेला प्रोग्राम नेमका कुठला, हा प्रश्न रॉचकाइंड यांना पहिल्या दिवसापासून दिसत होता.

आता टिखी. पर्ड्यू विद्यापीठात असताना त्यांनी आरसीएस, म्हणजे रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम, तयार केली. १९८२ मध्ये त्यावरचा निबंध आला आणि १९८५ मध्ये ‘सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्सपीरियन्स’ मध्ये दुसरा, जो आजही वाचण्यासारखा आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. माणसाला दहातल्या नऊ वेळा ताजी आवृत्ती हवी असते, तर तिच्यासाठी अख्खी विणलेली फाइल का चाळायची? म्हणून आरसीएस सगळ्यात नवी आवृत्ती पूर्ण ठेवतं आणि तिच्यापासून मागे जायचे फरक साठवतं. जितकं मागे जाल तितका वेळ जास्त लागेल. फांद्यांसाठी, म्हणजे मुख्य वाटेपासून वेगळ्या निघालेल्या आवृत्त्यांसाठी, मात्र फरक पुढच्या दिशेने असतात, म्हणजे फांदीच्या टोकाला जायचं तर आधी मागे, मग पुढे.

यात टिखी यांनी रॉचकाइंड यांची नक्कल केली असं म्हणणं चूक आहे आणि त्यांनी व्हर्जन कंट्रोल शोधलं असं म्हणणंही चूक आहे. गरज तीच, उत्तर वेगळं. ‘रिव्हिजन कंट्रोल’ हे शब्द मात्र आरसीएसमुळे रूढ झाले. तुमच्या टीममधल्या मंडळींनी टिखी यांचं नाव घेतलं ते त्यामुळे असावं. नाव त्यांचं, काम आधीच्यांचं, असं पुष्कळदा होतं. आणखी एक कारण आहे. एससीसीएस हा एटी अँड टीच्या युनिक्सचा भाग होता आणि परवान्याशिवाय मिळत नव्हता. आरसीएस विद्यापीठांतून सहज पसरलं. जे हातात असतं तेच पहिलं वाटतं.

या दोघांच्या जोडीला एक तिसरं नाव घ्यायलाच हवं, कारण ते सहसा कुणी घेत नाही. दोन फाइलींतला फरक काढणारा ‘डिफ’ बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी केला आणि त्यामागची रीत मॅकिलरॉय व जेम्स हंट यांनी १९७६ च्या अहवालात मांडली. आरसीएस फरक काढायला डिफलाच बोलावतं. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ लिहिला आणि डिफचं उत्तर ईमेलने पाठवून दुसऱ्या टोकाला लावता येऊ लागलं. डिफ नसता तर पुढची निम्मी साधनं उभी राहिली नसती, पण ‘जनक’ म्हणून कुणी मॅकिलरॉय यांचं नाव सांगत नाही.

सीव्हीएस, म्हणजे कन्करंट व्हर्जन्स सिस्टिम, हिचा वाद जास्त गुंतागुंतीचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखाही. डिक ग्रुने ॲमस्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठात होते. १९८४-८५ मध्ये ते दोन विद्यार्थ्यांबरोबर ॲमस्टरडॅम कंपायलर किटच्या सी कंपायलरवर काम करत होते. तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या. एक विद्यार्थी नेमाने नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याची वेळ अनियमित आणि ग्रुने यांना फक्त संध्याकाळी सवड. आरसीएसमध्ये फाइल बदलायची तर आधी तिला कुलूप लावावं लागे. एकाने कुलूप लावून घर गाठलं की बाकीचे अडकले. ग्रुने यांनी आरसीएसवर शेल स्क्रिप्टांचा, म्हणजे युनिक्सच्या आज्ञा ओळीने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांचा, थर चढवला. प्रत्येकाने आपली प्रत घ्यायची, हवं ते बदलायचं, मग सगळ्यांचं जुळवायचं आणि जिथे दोघांनी एकच जागा बदलली असेल तिथे माणसाने बघायचं. हेच पुढे सीव्हीएस झालं. या स्क्रिप्टांचं सुरुवातीचं नाव ‘सीएमटी’ होतं, कमिटवरून; कमिट म्हणजे बदल इतिहासात नोंदवणं. १९८६ मध्ये त्या यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, आल्या.

एप्रिल १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी प्रिझ्मा नावाच्या कंपनीत सीव्हीएस सी भाषेत नव्याने रचून लिहिलं. जेफ पोक यांनी त्यात हातभार लावला, विशेषतः मॉड्यूल आणि व्हेंडर ब्रँच या भागांत. व्हेंडर ब्रँच म्हणजे बाहेरून आलेल्या सोर्सची वेगळी फांदी: पुरवठादाराची नवी आवृत्ती आली की ती तिथे घालायची आणि आपले बदल तिच्याशी जुळवून घ्यायचे. १९९० च्या यूसेनिक्स परिषदेत बर्लिनर यांनी यावर निबंध वाचला. नेटवर्कवरून चालणारं सीव्हीएस, जे नंतर जगभर वापरलं गेलं, ते याच्याही पुढच्या काळात आणखी वेगळ्या लोकांनी जोडलं.

मग सीव्हीएस कुणाचं? सीव्हीएसच्या स्वतःच्या कागदपत्रांत याचं उत्तर फार प्रामाणिकपणे दिलं आहे: ग्रुने यांच्या स्क्रिप्टांतली एकही ओळ आताच्या प्रोग्राममध्ये नाही, पण बदलांची टक्कर सोडवण्याची रीत बरीचशी त्यांच्याकडून आली आहे. आता यात एक थर आणखी घाला. सीव्हीएसच्या रिपॉझिटरीतली कुठलीही फाइल उघडा, तिच्या नावाच्या शेवटी स्वल्पविराम आणि ‘व्ही’ हे अक्षर असतं. ती आरसीएसचीच रचना आहे, टिखी यांची. म्हणजे डिस्कवरच्या बाइटी टिखी यांच्या, काम करायची पद्धत ग्रुने यांची, चालणारा प्रोग्राम बर्लिनर यांचा. ‘सीव्हीएस कुणी लिहिलं’ असं विचारलं तर बर्लिनर. ‘कुणाला सुचलं’ असं विचारलं तर ग्रुने. कुलूप न लावता सगळ्यांनी एकाच वेळी काम करायचं ही सवय आपल्याला सीव्हीएसने लावली, आणि ती गरज तीन माणसांच्या न जुळणाऱ्या वेळापत्रकातून आली होती. मला हे फार सुंदर वाटतं.

अर्थात ‘प्रत घ्या, बदला, जुळवा’ या पद्धतीवर ग्रुने यांचाच एकट्याचा हक्क आहे असंही नाही. त्याच दशकात सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत एनएसई नावाचा साधनसंच याच विचाराने उभा राहत होता. १९८९ मध्ये त्यावर अ‍ॅडम्स, होंडा आणि मिलर या तिघांचा निबंध आहे. एनएसई जड होतं. पुढे सनमध्येच लॅरी मॅकव्हॉय यांनी एनएसईलाइट लिहिलं, एससीसीएसच्या फाइलींवर बसणारं आणि हलकं. त्यानंतर सनच्या साधनं बनवणाऱ्या गटाने टीमवेअर हे उत्पादन आणलं. त्यात प्रत्येकाकडे स्वतःचं वर्कस्पेस, त्यात पूर्ण इतिहास, आणि वर्कस्पेसमध्ये आपापसात देवाणघेवाण. टीमवेअरचं श्रेय एका माणसाच्या नावावर टाकलेलं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. मी ते तसं कधीच लिहीत नाही. आधीची कल्पना एका गटाची, मधला नमुना एकाचा, विकलं गेलेलं उत्पादन दुसऱ्या गटाचं, आणि या सगळ्यांच्या पोटात रॉचकाइंड यांची फाइल. अशा ठिकाणी एकच नाव लिहिणं म्हणजे बाकीच्यांच्या वर्षांच्या कामावर पाणी सोडणं.

बाजूची एक वंशावळ थोडक्यात सांगते. अपोलो कंपनीत डेव्हिड लेब्लांग यांनी १९८० च्या दशकात डीएसईई नावाची अशीच प्रणाली केली, पुढे त्यातल्याच लोकांनी अट्रिया कंपनी काढून १९९२ मध्ये क्लिअरकेस आणलं. मोठ्या कंपन्यांत ते वर्षानुवर्षं चाललं. सीव्हीएसनंतर आलेल्या सबव्हर्जन या प्रणालीबद्दल तर वाद असा नाहीच. २००० मध्ये कोलॅबनेट कंपनीने ते हाती घेतलं, नाव आणि मूळ आराखडा जिम ब्लँडी यांचा, कार्ल फोगेल आणि बेन कॉलिन्स-ससमन यांच्यासारख्यांनी ते उभं केलं, २००४ मध्ये १.० आलं. सीव्हीएसच्या उणिवा काढायच्या हे ध्येय त्यांनी पहिल्यापासून उघड सांगितलं होतं. वारसा उघड मान्य केला की भांडायला फारसं काही उरत नाही.

आता गिट आणि बिटकीपर. सनमधून बाहेर पडल्यावर मॅकव्हॉय यांनी बिटकीपर उभं केलं. २००० मध्ये ते लोकांसमोर आलं. फेब्रुवारी २००२ पासून टोरवाल्ड्स लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ते वापरू लागले. सॉफ्टवेअर बंदिस्त होतं, ज्यांचा सोर्स सगळ्यांना खुला असतो अशा मुक्त प्रकल्पांना फुकट मिळे, पण अट अशी की ते वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करायचं नाही. २००५ च्या सुरुवातीला अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहिला. त्यांनी बिटकीपर वापरलेलंच नव्हतं, त्यामुळे परवान्याची अट त्यांना लागू नव्हती. फुकट परवाना मात्र मागे घेतला गेला. त्या एप्रिलमध्ये कॅनबेरातल्या लिनक्स परिषदेत ट्रिजेल यांनी भर सभेत करून दाखवलं: टेलनेट या जोडणीच्या साध्या प्रोग्रामने सर्व्हरला जोडायचं आणि ‘हेल्प’ असं टाइप करायचं. सर्व्हरने आज्ञांची यादी दिली.

टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ च्या सुमारास गिट लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये गेला. पहिल्या कमिटमध्ये अकरा फाइली, हजारभर ओळी. गिटमध्ये बिटकीपरचा कोड नाही. फाइलची रचना तर अगदी उलट आहे: बिटकीपर एससीसीएसची वीण वापरतं, तर गिट प्रत्येक वेळी पूर्ण मजकूर साठवतं आणि त्या मजकुराच्या एसएचए-१ हॅशलाच, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या ओळखीच्या आकड्यालाच, त्याचं नाव मानतं. म्हणून ‘नक्कल’ हा शब्द चुकीचा आहे. पण बिटकीपरचं ऋण नाही असंही नाही. प्रत्येकाकडे पूर्ण रिपॉझिटरी असावी, मधे एकच केंद्र नसावं, बदल एकमेकांकडून ओढून घ्यावेत, ही काम करण्याची घडी कर्नलच्या लोकांना बिटकीपरच्या तीन वर्षांत बसली होती. मजकुराला हॅशवरून नाव द्यायची युक्ती ग्रेडन होअर यांच्या मोनोटोन या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत २००३ पासून होती. त्या दिवसांत टोरवाल्ड्स यांनी ते पाहिलं होतं आणि लोकांना पाहायला सांगितलंही होतं, अडचण फक्त वेगाची होती. त्याआधी बेल लॅब्समध्येच व्हेंटी नावाची साठवण याच तत्त्वावर झाली होती, आणि हॅशांचं झाड ही कल्पना राल्फ मर्कल यांची, १९७० च्या दशकातली. टोरवाल्ड्स यांचं स्वतःचं काय? फाइल सिस्टिम रचणाऱ्या माणसाची नजर, इंडेक्स नावाची, कमिटआधी बदल जमवून ठेवायची मधली पायरी, आणि वेगाबद्दलचा हट्ट. हे थोडं नाही.

आणि जुलै २००५ मध्ये त्यांनी गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. आज तुम्ही जे गिट वापरता त्यातल्या वागणुकीवर हमानो यांची छाप मोठी आहे. मी म्हटलं ना, सांभाळणारा हा तिसरा धनी. त्याचं नाव टिपणात आलंच पाहिजे. त्याच एप्रिलमध्ये, त्याच परवान्याच्या धक्क्यातून, मर्क्युरियल ही दुसरी प्रणाली जाहीर झाली, ऑलिव्हिया मॅकॉल यांची. दोन माणसं, एकच गरज, काही दिवसांचं अंतर. नक्कल कुणीच केली नव्हती. बिटकीपर २०१६ मध्ये मुक्त परवान्याखाली आलं, आता त्याचा सोर्स कुणीही वाचून ही तुलना स्वतः करू शकतो.

एक छोटी पुस्ती. आधी पूर्ण साठवलेले वेगवेगळे मजकूर गिट नंतर जागा वाचवण्यासाठी पॅकफाइल नावाच्या एका फाइलमध्ये बांधतं तेव्हा साधारणपणे नवी प्रत पूर्ण ठेवतं आणि जुन्या प्रती तिच्यावरून फरकाने काढतं. १९८२ मधला टिखी यांचा युक्तिवाद, की माणसाला ताजी प्रत लवकर हवी असते, तिथे पुन्हा हजर आहे.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण असं की तुमचं टिपण वाचणारी नवी मंडळी उद्या ‘ब्लेम’ चालवतील आणि पडद्यावर दिसलेलं नाव लेखकाचं समजतील. ती गल्लत इथेच थांबवा. लिनक्स कर्नलचंच बघा. १६ एप्रिल २००५ ला टोरवाल्ड्स यांनी २.६.१२-आरसी२ ही आवृत्ती गिटमध्ये एका दमात घातली. १७ हजारांहून जास्त फाइली, ६७ लाखांच्या आसपास ओळी. जुना इतिहास हाताशी होता, तरी तो सोबत घेतला नाही, तसं त्यांनी त्या कमिटच्या संदेशात लिहिलंही आहे. परिणाम असा की १९९० च्या दशकात दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या ओळीवर आज ब्लेम चालवलं तर नाव येतं लिनस टोरवाल्ड्स. नोंद खोटी नाही. त्या दिवशी ती ओळ त्यांनीच आत घातली. पण ती ओळ त्यांनी लिहिली असं ती नोंद कुठेच म्हणत नाही, वाचणारा तसं समजतो.

मी स्वतः हे जवळून भोगलं आहे. एका कंपनीत सीव्हीएसमधून गिटकडे जाताना घाईत फक्त ताजी प्रत उचलली आणि ‘सुरुवातीची आयात’ म्हणून एका कमिटमध्ये टाकली. कमिट करणारा मुलगा नोकरीत येऊन दोन महिने झाले होते. पुढची तीन वर्षं हिशेबाच्या मॉड्यूलमधला प्रत्येक दोष त्याच्याकडे जात राहिला, कारण ब्लेममध्ये त्याचं नाव. आणि ज्या बाईंनी ते मॉड्यूल चौदा वर्षं एकहाती सांभाळलं होतं, त्यांचं नाव इतिहासात कुठेच नाही. नशिबाने जुन्या सर्व्हरची डिस्क पुसली गेली नव्हती. आठ दिवस बसून आरसीएसच्या फाइलींतून कमिट पुन्हा उभे केले, वापरकर्त्यांची आडनावं नसलेली टोपणनावं माणसांशी जुळवली आणि तो इतिहास मागे जोडला. त्या बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांना यादी पाठवली तेव्हा त्यांनी दोन कमिट त्यांचे नसून शेजारच्या सहकाऱ्याचे आहेत, त्या दिवशी आपल्या लॉगिनवर तो बसला होता, एवढंच कळवलं. तेही दुरुस्त केलं.

म्हणून गिट प्रत्येक कमिटमध्ये दोन नावं ठेवतं: लेखक आणि कमिट करणारा. कर्नलमध्ये पॅच, म्हणजे बदलांची यादी, ईमेलने येतो, लिहिणारा एक आणि आत घेणारा दुसरा, हे तिथे रोजचं आहे. त्याच्याही आधी, मे २००४ मध्ये, टोरवाल्ड्स यांनी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही, बदल देणाऱ्याने आपल्या नावाने हमी द्यायची ओळ सुचवली. त्यामागे एससीओ कंपनीने मार्च २००३ मध्ये आयबीएमवर केलेला दावा होता, लिनक्समध्ये युनिक्सचा कोड चोरून आला आहे असा. कुठली ओळ कुठून आली याचा माग दाखवता आला पाहिजे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. दशकभर आधी बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी युनिक्सवरही असाच दावा झाला होता. १९९४ मध्ये तो मिटला तेव्हा सुमारे १८ हजार फाइलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. बर्कलीच्या गटाचा सोर्स एससीसीएसमध्ये होता, आणि तो सगळा इतिहास आजही वाचायला मिळतो.

कोडची फक्त मांडणी बदलणाऱ्या कमिटचंही सांगून ठेवते. कुणी अख्ख्या प्रकल्पावर फॉरमॅटर, म्हणजे मांडणी एकसारखी करणारा प्रोग्राम, चालवला की सगळ्या ओळी त्याच्या नावावर जातात. २०१९ मधल्या गिट २.२३ पासून अशा कमिटची यादी एका फाइलमध्ये देऊन ब्लेमला त्या ओलांडायला सांगता येतं. तुमच्या टिपणात ही एक ओळ घाला, तिचा उपयोग रोज होईल.

आणि इतिहासाच्या परिच्छेदासाठी मी असं लिहीन, हवं तर जसंच्या तसं घ्या:

‘प्रत्येक बदल कुणी, केव्हा, का केला याच्या नोंदीसह साठवणारी आणि कुठलीही आवृत्ती परत देणारी पहिली प्रसिद्ध प्रणाली एससीसीएस, मार्क रॉचकाइंड, बेल लॅब्स, १९७२. त्याआधी मेनफ्रेमवर सोर्स सांभाळणारी साधनं होती. उलट्या फरकांची आरसीएस वॉल्टर टिखी यांची, १९८२. आरसीएसवर कुलुपाविना एकत्र काम करण्याची सीव्हीएसची पद्धत डिक ग्रुने यांची, १९८६ मध्ये प्रसिद्ध. सी भाषेतलं सीव्हीएस ब्रायन बर्लिनर यांचं, १९८९, जेफ पोक यांच्या मदतीने. गिट लिनस टोरवाल्ड्स यांचं, एप्रिल २००५, त्यात मोनोटोन आणि बिटकीपरकडून घेतलेल्या कल्पना आहेत. जुलै २००५ पासून देखभाल जुनिओ हमानो यांची.’

कुणी हरकत घेतली तर सीव्हीएसच्या सोर्सबरोबर येणारी लेखकांची नोंद आणि गिटच्या रिपॉझिटरीतला पहिला कमिट, एवढी दोन ठिकाणं उघडून दाखवा. दोन्ही वाचायला दहा मिनिटं लागतात.